कापडाचा फोटो : रंग खरा दिसावा

व्यापारी बंधूंनो, आता गिऱ्हाईक दुकानात येण्याआधी मोबाइलवर फोटो मागते. फोटोत मेहंदी दिसणारा रंग पार्सलात शेवाळी निघाला की माल परत येतो, भाडे आम्हा कापडवाल्यांच्या अंगावर पडते आणि नाव खराब होते ते वेगळेच. पुष्कळदा दोष दिव्याचा असतो.

दिवा घेताना नुसते वॅट पाहू नयेत. सीआरआय हा आकडा विचारावा. १०० पैकी ९५ च्या वर असावा. हलक्या एलईडीत लाल रंग फिका पडतो, म्हणून आर-९ हा आकडाही पाहावा. उजेड ५५०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा असावा.

फोटो काढताना दुकानातले बाकीचे दिवे बंद करावेत. पिवळा आणि पांढरा उजेड मिसळला की एकही रंग धड उतरत नाही. हिमरू किंवा जरीवर समोरून थेट उजेड टाकल्यास चकाकीत नक्षी हरवते. दिव्यापुढे थोड्या अंतरावर पांढरेशुभ्र मलमल ताणावे. वीण दाखवायची असेल तर दिवा बाजूने तिरपा ठेवावा. आपली वीज ५० हर्ट्झची. व्हिडिओत पट्टे सरकू लागले तर शटर १/५० वर आणावे.

शेवटी दिवसाच्या उजेडात कापड फोटोशेजारी धरून पाहावे. रंग जुळला तरच फोटो पाठवावा.