दगडाचा पत्ता

रंगीत दगड जमवण्याचा छंद असणाऱ्यांना वाळवंट फार आवडते. तेथे गवत नाही, झाडी नाही. वारा बारीक वाळू उडवून नेतो आणि जड गोटे तेवढे उघडे पडतात. मान खाली घालून चालत राहिले की झाले!

तुम्ही म्हणाल, "आम्ही राहतो पिंपरी-चिंचवडला, नाही तर चाकणला. आमच्याकडे कोठले आले वाळवंट?" पण नदीकाठच्या वाळूलाही आपण वाळवंटच म्हणतो ना? तिकडे जे काम वारा करतो, ते आपल्याकडे पावसाचे पाणी करते. आणि अकीक ज्या खडकात तयार होतो, तो खडक तर तुमच्या घराच्या पायाखालीच आहे.

अकीक तयार कसा होतो?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. तो थिजून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. सोड्याच्या बाटलीचे बूच काढताच बुडबुडे वर येतात, तसेच लाव्हातील वायूचे बुडबुडे वर येऊ लागले. पण वरचा लाव्हा लवकर थिजला आणि ते तेथेच अडकले. म्हणून अनेक थरांच्या वरच्या भागात वाटाण्याएवढ्या, लिंबाएवढ्या, क्वचित माणूस मावेल एवढ्या पोकळ्या राहिल्या.

पुढे या पोकळ्यांत खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले. त्यातील सिलिका पोकळीच्या भिंतीवर पातळ थरांनी बसत गेली. प्रत्येक थराची घडण आणि त्यातील लोहासारख्या द्रव्यांचे प्रमाण थोडे निराळे, म्हणून रंगही निराळा. हाच पट्ट्यापट्ट्यांचा अकीक. पट्टे नसतील तर त्याच पदार्थाला कॅल्सेडोनी म्हणतात. बोलण्यात आपण सरसकट गारगोटी म्हणतो.

काही पोकळ्यांत निराळीच खनिजे वाढली. पांढऱ्या, गुलाबी पाकळ्यांसारखा स्टिल्बाइट, सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातली. झिओलाइट म्हणजे 'उकळणारा दगड'. स्टिल्बाइट तापवला की त्यातील पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि तो फसफसतो. ते पाहून क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये हे नाव दिले. पुण्याच्या पूर्वेस वाघोलीच्या खाणींत सापडलेला निळाभोर कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून त्याचे नाव बनले.

शोधाल कोठे?

बेसाल्ट ऊनपावसाने झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. अकीक मात्र झिजत नाही. तो मोकळा होऊन पडतो आणि ओढ्यानाल्यांतून नदीत जातो. म्हणून पहिल्या पावसानंतर नांगरलेले रान, डोंगरउताराची घळ आणि उन्हाळ्यात उघडे पडलेले इंद्रायणी, पवना किंवा भामा नदीचे पात्र, या जागा चांगल्या. मोठ्या माणसांना बरोबर घ्या. शेतमालकाला विचारा. धरणातून पाणी सुटणार असेल तर पात्रात उतरू नका. खाणीत तर मुळीच जाऊ नका. तेथे सुरुंग असतात, कडे ढासळतात. लेणी आणि किल्ले येथे हातोडी चालवायची नाही.

ओळखाल कसा?

कारखान्यांच्या पट्ट्यात एक फसगत हमखास होते. चकचकीत तुकडा सापडतो आणि तो निघतो फुटक्या बाटलीची काच, नाही तर फौंड्रीतील धातुमळी! म्हणून तीन परीक्षा करा. दगडाची पातळ कड उन्हात धरा; अकिकाच्या कडेतून उजेड झिरपतो. त्याच्या टोकाने जुन्या काचेवर ओढा. अकीक काच ओरखडतो, कारण त्याची कठिनता ७ च्या जवळपास, तर काचेची सुमारे ५.५. काचेच्या तुकड्यात पट्टेही सहसा दिसत नाहीत. तिसरी परीक्षा कॅल्साइटची. पांढऱ्या दगडाची थोडी पूड करून तिच्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर तो कॅल्साइट. अकीक ढिम्म राहतो.

आणि आता मुख्य गोष्ट

समजा, चाकणला नव्या रस्त्याच्या कडेला तुम्हांला सुरेख अकीक सापडला. वहीत तुम्ही लिहिले, 'चाकण'. बरोबर ना? कदाचित साफ चूक! तो रस्ता बांधताना मुरूम आणि खडी ट्रकने आणलेली असते, कधी दुसऱ्या तालुक्यातूनही. दगड चाकणला सापडला खरा, पण तो चाकणचा नव्हे. म्हणून प्रत्येक दगडाला एक प्रश्न विचारा: तू येथे आलास कसा? त्याची तीनच उत्तरे संभवतात. तो खडकातच बसलेला आहे, पाण्याने आणला आहे किंवा माणसाने आणला आहे.

याचे महत्त्व शिरूर तालुक्यातील इनामगावने दाखवले. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आणि त्याहूनही आधीच्या शेतकऱ्यांची कॅल्सेडोनीची धारदार पाती तेथे मिळाली. कोणते पाते कोणत्या थरात होते याची नोंद ठेवली, म्हणूनच त्यांवरून माणसांचे जीवन वाचता आले. तीच पाती कोणी खिशात घालून नेली असती तर ती नुसत्या गारगोट्या ठरल्या असत्या. तुम्हांला असे पाते दिसले तर ते उचलू नका. जागा टिपून शिक्षकांना सांगा.

आपल्या भागात शेतांवर कारखाने आणि घरे उभी राहिली आहेत. जो उतार आज उघडा आहे, तो उद्या काँक्रीटखाली जाईल. मग तेथे कोणता दगड होता हे सांगणारी कदाचित तुमची वहीच उरेल.

तेव्हा करायचे ते एवढेच. दगड धुऊन त्यावर पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्या आणि वाळल्यावर शाईने क्रमांक घाला. वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, गाव, जवळची न हलणारी खूण (पूल, देऊळ, विहीर) आणि वरच्या तीन उत्तरांपैकी कोणते, हे लिहा. उत्तर ठरत नसेल तर तसेच लिहा. येत्या सुटीत असे फक्त दहा दगड जमवा. पत्ता असलेले दहा दगड बिनपत्त्याच्या शंभर दगडांपेक्षा अधिक बोलके असतात!