‘कृष्ण’ आणि ‘किसना’ : एका नामाचा शब्दविचार

खेड्यातील एखादा भोळा उपदेशी नामस्मरण करताना ‘किसना’ म्हणतो आणि जवळ बसलेला शिकलेला गृहस्थ त्याला थांबवून ‘कृष्ण म्हणा’ असे सुचवितो. हा प्रसंग नित्याचा आहे. सुचविणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यामुळे उच्चारणारा मात्र संकोचतो व पुढे मनातल्या मनातच नाम घेऊ लागतो. म्हणून या नामाची भाषांतरी कोणकोणती रूपे झाली आणि ती कशी झाली, हे पाहणे अगत्याचे आहे.

संस्कृतातील जोडाक्षर ‘ष्ण’ प्राकृतात ‘ण्ह’ होते, हा नियम आहे. ‘उष्ण’ या शब्दाचे ‘उण्ह’ व पुढे मराठीत ‘ऊन’ झाले. ‘तृष्णा’ हिची ‘तण्हा’ व पुढे ‘तहान’ झाली. त्याच वाटेने ‘कृष्ण’ याचा ‘कण्ह’ आणि ‘कण्ह’ याचा ‘कान्हा’. तहान लागली असता कोणी ‘तृष्णा’ म्हणत नाही व तहानेला अशुद्धही ठरवीत नाही. हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतात, ‘कण्ह’ हेच रूप आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील जुन्या प्राकृत लेखांत त्या डोंगरास ‘कण्हसेल’ म्हटले असून राष्ट्रकूटकालीन संस्कृत लेखांत तोच ‘कृष्णगिरी’ होतो. ‘किसन’ची वाट थोडी निराळी आहे. तेथे जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घातला, एवढेच. गुजरातेत ‘कानजी’, बंगालात ‘कानाई’, दूर जावा बेटावर ‘क्रेस्न’, अशी रूपे त्या त्या मुखाच्या वळणाने झाली आहेत.

तमिळ भाषेचा प्रकार विशेष मननीय आहे. ‘कण्णन्’ हे तेथील लाडके नाव प्राकृत ‘कण्ह’ यावरून आले. तमिळात ‘कण्’ म्हणजे डोळा असल्यामुळे लोकांनी त्यात डोळ्याचाही अर्थ पाहिला. परंतु त्याहून जुने नाव ‘मायोन्’, म्हणजे सावळा. तोल्काप्पियम् या व्याकरणग्रंथात मुल्लै नामक वनप्रदेशाची, गोपालांच्या भूमीची, देवता म्हणून तो सांगितला आहे. येथे ध्वनी न घेता अर्थच घेतला. मेगॅस्थनीस या ग्रीक वकिलाने तर ध्वनीही घेतला नाही व अर्थही नाही. शूरसेनांच्या मथुरेत ‘हेराक्लीस’ पूजिला जातो, असे त्याने लिहिले. बहुतेक अभ्यासक तो उल्लेख श्रीकृष्णांविषयीच मानतात.

ध्वनिसाम्याने मात्र फसगतही होते. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत काही युरोपीय लेखकांनी ‘कृष्ण’ व ‘ख्रिस्त’ ही नावे एकच ठरविली. ‘ख्रिस्तोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अभिषिक्त’. त्याचा ‘कृष्ण’ शब्दाशी काहीएक संबंध नाही. उलट प्राचीन प्रशियन भाषेतील ‘किर्स्नन्’ हा शब्द खरा सगोत्र आहे व त्याचा अर्थ ‘काळा’ असाच आहे.

तसेच ‘कण्ह’ दिसला की तेथे श्रीकृष्णच, असेही नव्हे. नाशिकच्या लेण्यातील ‘कण्ह’ हा सातवाहन राजा होय. पालि ग्रंथांत तर खुद्द माराला ‘कण्ह’ म्हटले आहे! ऋग्वेदात कृष्ण नावाचा ऋषी आहे, महाभारतात व्यास कृष्ण आहेत आणि द्रौपदी कृष्णा आहे. छांदोग्य उपनिषदात ‘देवकीपुत्र’ हे विशेषण कृष्णनामासोबत येते. नुसत्या नावाने ओळख पटत नव्हती, हेच यावरून दिसते.

मग नामाचा अर्थ कोणता? वैयाकरण ‘कृष्’ धातूपासून हा शब्द साधतात तो वर्णवाचक म्हणून. भक्तिपर निर्वचनकारांनी त्याच धातूत आकर्षण पाहिले. पहिला अर्थ शब्दाचा इतिहास सांगतो, दुसरा भक्ताचा अनुभव. दोहोंची गल्लत केली म्हणजे वाद माजतो. परंतु पंथाचा प्रयोग या दोहोंच्याही पलीकडे गेला आहे. श्रीकृष्णचक्रवर्ती, श्रीदत्तात्रेयप्रभू, श्रीचक्रपाणिप्रभू, श्रीगोविंदप्रभू व सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी या पाचही अवतारांस मिळून ‘पंचकृष्ण’ म्हणतात, तेव्हा कोणाच्याही वर्णाचा विचार त्यात नसतो. येथे ‘कृष्ण’ शब्द ईश्वरावतार या अर्थी उभा आहे. तो अर्थ धातूने दिलेला नाही. नामीमुळे नामाला आला आहे.

उच्चाराच्या शुद्धीचा आग्रह धरणाऱ्याने स्मृतिस्थळातील एक प्रसंग आठवावा. केशवराज सूरी संस्कृताचे मोठे पंडित. ते संस्कृतात पुसू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी, श्रीचक्रधरांनी आपणास मराठीतच निरूपण केले आहे, तेव्हा त्याच भाषेत पुसावे, असे त्यांना सांगितले.