शास्त्रीय लेखनशैली : विधानाचा आधार आणि क्रियापदाचे रूप

शास्त्रीय लेखनशैलीची लक्षणे सांगताना वस्तुनिष्ठता, नेमकेपणा, अलंकारविरहितता ही नावे पदव्युत्तर वर्गात हमखास घेतली जातात. ती चुकीची नाहीत. पण समोरचे वाक्य शास्त्रीय आहे की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. 'सारसाच्या जोडीतील एक पक्षी मेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो' या वाक्यात अलंकार नाही, उद्गार नाही, 'मी' नाही. तरीही ती गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांभोवती ऐकू येणारी लोकसमजूत आहे. 'सारसाची मादी बहुधा दोन अंडी घालते' हे वाक्य मात्र निरीक्षणावर उभे आहे. दोहोंचे क्रियापद साध्या वर्तमानकाळातलेच. मराठीचा हा काळ लोकश्रुतीला आणि निसर्गनियमाला एकच रूप देतो. येथे फरक दाखवतो तो 'बहुधा' हा एक शब्द.

म्हणून विधानाचा आधार वाक्यातच नोंदवणे, हे या शैलीचे व्यवच्छेदक लक्षण मानावे असे वाटते. त्यासाठीची साधने मराठीत आयतीच आहेत. 'घरट्यात दोन अंडी आढळली' ही एका प्रसंगाची नोंद. 'आढळतात' हे सामान्यीकरण. 'असावीत' हा तर्क. 'असतात असे म्हणतात' ही श्रुती. या चार पायऱ्यांची सरमिसळ झाली की परिभाषा कितीही भारदस्त असली तरी लेखन शास्त्रीय राहत नाही.

नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. त्यांच्या ललित लेखनात स्वतः पाहिलेले आणि वनवासी जाणकारांकडून ऐकलेले शेजारी शेजारी येते. सांगणारा कोण, हे जेथे कळते तेथे भाषा ललित असूनही आधार शाबूत राहतो. जेथे कळत नाही तेथे ते वाक्य प्राणिशास्त्राचा पुरावा म्हणून उद्धृत करू नये. 'पक्षिकोश' (२००२) या त्यांच्या ग्रंथाचा प्रकारच निराळा, त्यामुळे त्याला लावायची कसोटीही अधिक कडक हवी.

कर्मणी प्रयोगाचा आग्रह मात्र अनाठायी आहे. 'अंडी मोजली गेली' ही रचना इंग्रजीच्या धाकाने रूढ झाली. 'अंडी मोजली' यात कर्ता मुळातच गळलेला आहे. 'गेली'ने काहीच साधत नाही.

परिभाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात अधिक बिकट आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत 'जाती' हा लहान गट आणि अनेक जातींना सामावणारी ती 'प्रजाती'. हिंदीत त्या लहान गटालाच 'प्रजाति' म्हणतात व वरच्या गटाला 'वंश'. बालाघाटकडील हिंदी मजकूर वाचणारा आपला विद्यार्थी 'सारस ही दुर्मिळ प्रजाती' असे सहज लिहितो. मराठी वृत्तपत्रेही तसेच लिहितात. विश्वकोशाच्या परिभाषेप्रमाणे सारस ही जाती. अँटिगोनी ही तिची प्रजाती, आणि तीत सारसाखेरीज इतर क्रौंचही येतात. ते सारे दुर्मिळ आहेत, असे त्या विद्यार्थ्याला म्हणायचे नसते.