ओढ्यातील मासळीचे बेणे राखा


गोदावरी असो की मांजरा, मृगाचे पाणी आले की नदीतला मासा अंडी घालायला ओढ्यात चढतो. नेमका तेव्हाच आपण तो पोत्याने धरतो. एक गाभोळीची मासळी गेली म्हणजे हजारो पिल्ले गेली! २०१६ साली मांजरा धरण आटले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. अशा वर्षी डोहात उरलेली मरळ, वाम हेच पुढचे बेणे. उसाचा बेणेमळा आपण गाळपाला घालतो का? त्यात १९५२ साली भारतात आणलेली चिलापी पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते आणि जागा बळकावते. तेव्हा मृग-आर्द्रात ओढ्याला जाळे लावू नये. फवारणीचा पंपही ओढ्यात धुऊ नये; बादलीने पाणी नेऊन लांब पडीक जागेत धुवावा.