पायाखालची फरशी

गावात आता घरोघरी नवी फरशी बसते. शेणाने सारवलेली जमीन कमी झाली. शहाबादी फरशी होती, तिच्या जागी चकचकीत चौकोनी फरशी आली. कोणी तिला लादी म्हणतो, कोणी टाइल म्हणतो. आमच्याकडे तर सरळ 'स्टाईल' म्हणतात. "यंदा स्टाईल बसवायची," असे कोणी म्हटले की समजावे, घरात चार पैसे आले आहेत.

आमच्या शेजारच्या घरी असेच चार पैसे आले. त्यांचे काय झाले, ते सांगतो.

शेजारच्या मावशी पासष्टीच्या. मुलाने नवे घर बांधले. सगळ्या घराला एकच फरशी घातली. बैठकीत तीच, स्वैपाकघरात तीच, न्हाणीतही तीच. फरशी कसली, आरसाच तो! वरचा पंखा खाली दिसायचा. लोक मुद्दाम पाहायला येत.

दुसऱ्याच महिन्यात मावशी पहाटे न्हाणीत गेल्या. खाली साबणाचे पाणी होते. पाय सटकला. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. तीन महिने त्या खाटेवर होत्या. फरशीला गेले त्याहून जास्त पैसे दवाखान्याला गेले.

त्यानंतर मावशी एकट्या न्हाणीत जाईनात. दार अर्धवट उघडे ठेवायचे आणि सुनेने बाहेर उभे राहायचे. असे वर्षभर चालले. जन्मभर कोणाच्या आधाराने न राहिलेली बाई ती. तिला हे फार लागले.

मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, मी तर सगळ्यांत भारी फरशी घेतली होती. पोर्सिलेनची. दुकानदार म्हणाला, पन्नास वर्षं फरशीला काही होणार नाही."

फरशीला काही झालेच नव्हते. झाले होते ते मावशींना.

आता ही पोर्सिलेनची फरशी म्हणजे काय, ते पाहू. तुमच्या घरात माठ आहे आणि कपबशीही आहे. दोन्ही मातीचीच. पण माठ पाझरतो, म्हणून तर त्यातले पाणी गार होते. कपबशी पाझरत नाही. पोर्सिलेनची फरशी ही कपबशीच्या जातीची. चिनी माती, गारगोटी आणि फेल्डस्पार नावाचा दगड यांची बारीक भुकटी करतात. ती मोठ्या दाबाखाली दाबतात. मग साधारण १२०० अंशांच्या भट्टीत भाजतात. पाणी १०० अंशांवर उकळते, यावरून त्या आचेची कल्पना करा. त्या आचेत फेल्डस्पार वितळतो आणि आतली बारीक भोके बुजवून टाकतो. गुजरातेत मच्छू नदीच्या काठी मोरबी शहर आहे. आपल्या देशातल्या बहुतेक फरश्या तिथे आणि त्याच्या आसपास होतात.

अशी १०० किलो फरशी पाण्यात बुडवली, तर ती अर्धा किलोही पाणी पीत नाही. भिंतीला लावायची साधी फरशी मात्र १० किलोच्या वर पाणी पिते. दुकानात हे ओळखायला सोपे आहे. फरशी उलटी करा. पाठीवर चमचाभर पाणी टाका. साध्या फरशीत ते जिरते, डाग पडतो. पोर्सिलेनवर पाणी तसेच राहते. पुसले की गेले.

म्हणजे फरशी चांगली होती, यात शंका नाही. पण फरशीचे पोट वेगळे आणि तोंड वेगळे. पोट पोर्सिलेनचे असले, तरी तोंड तीन तऱ्हेचे मिळते. एक आरशासारखे गुळगुळीत. एक मंद, चमक नसलेले. आणि एक हाताला खरखरीत लागणारे. किंमत विचारताना आपण पोटाची विचारतो. घसरायचे की नाही, हे मात्र तोंड ठरवते. न्हाणी, मोरी, अंगण, जिना, जिथे जिथे पाणी सांडते किंवा पाऊस येतो, तिथे खरखरीतच पाहिजे. काही फरश्यांच्या माहितीपत्रकात इंग्रजी 'आर' अक्षर आणि पुढे ९ ते १३ यांतला एक आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. न्हाणीला निदान १० असावा. हे काही लिहिलेले नसेल, तर नमुन्याची फरशी जमिनीवर ठेवा. साबणाचे पाणी ओता. चप्पल काढून, कोणाचा तरी हात धरून, तीवर उभे राहा. दुकानदार हसला तर हसू द्या.

मावशींचा मुलगा सगळ्या घराची फरशी उखडायला निघाला होता. नवीन मिस्त्री आला, त्याने त्याला थांबवले.

मिस्त्री म्हणाला, "बैठकीची फरशी कशाला काढता? तिथं पाणी नाही. राहू द्या. न्हाणी करू, आणि स्वैपाकघराची भिंत करू."

भिंतीचे काय झाले होते, तेही सांगितले पाहिजे. ओट्यामागच्या भिंतीला तीच दोन बाय दोन फुटांची जड फरशी लावली होती. एक दिवस रात्रीची जेवणे झाल्यावर वरची फरशी धाडकन ओट्यावर पडली. नातू नुकताच पाणी पिऊन तिथून गेला होता. सगळ्यांच्या काळजाचे पाणी झाले.

मिस्त्रीने पडलेल्या फरशीचा तुकडा उचलून दाखवला. "गुरुजी, ही पाठ बघा. ताटासारखी स्वच्छ. सिमेंट सगळं भिंतीवर राहिलं. हिला धरलंच नाही."

"असे का?" मी विचारले.

"ही पाणी पीत नाही ना! साधी फरशी पाणी पिते. त्या पाण्याबरोबर सिमेंट तिच्या भोकांत शिरतं. झाडाची मुळं रुजावीत तसं रुजतं. हिला भोकंच नाहीत. सिमेंटनं धरायचं कुठं?"

गुण होता तोच इथे दोष झाला. अशा फरशीला नुसते सिमेंटपाणी चालत नाही. तिच्यासाठी चिकटवायची वेगळी भुकटी येते. दुकानात तिला टाइलचे केमिकल म्हणतात. ती २० किलोच्या पिशवीत मिळते. पिशवीवर 'आयएस १५४७७' हा सरकारी मानकाचा आकडा पाहावा. आकडा इंग्रजीत असतो. ही पिशवी कोणत्या फरशीसाठी, जमिनीसाठी की भिंतीसाठी, तेही तिच्यावर छापलेले असते. स्वतःला इंग्रजी येत नसेल, तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. पण वाचल्याशिवाय पिशवी उघडू नका.

माझे मत विचाराल, तर घरातल्या भिंतीला पोर्सिलेन हवेच असे नाही. भिंतीवर कोणी चालत नाही. साधी गुळगुळीत फरशी हलकी असते, स्वस्त असते आणि पुसायलाही चांगली. ती सिमेंटने लावायची, तर आधी पाण्यात भिजवून, निथळून घ्यावी. कोरडी लावली, तर ती सिमेंटातले पाणी ओढून घेते आणि सिमेंट कच्चे राहते. पोर्सिलेनला भिजवायची गरज नाही. मावशींच्या स्वैपाकघरात शेवटी साधीच लावली.

न्हाणीसाठी मात्र पोर्सिलेनच ठरली. खरखरीत, आणि लहान, एक बाय एक फुटाची. मुलगा म्हणाला, "लहान कशाला? सांधे फार दिसतात." मिस्त्री म्हणाला, "लहान फरशीला ढाळ नीट देता येतो. आणि सांधा पायाला धरतो."

आता हिशेब. न्हाणी ५ फूट रुंद आणि ६ फूट लांब. ५ गुणिले ६, म्हणजे ३० चौरस फूट. आपल्याला वाटते, ३० फरश्या लागतील. तसे नाही. खोक्यावर ३०० बाय ३०० लिहिलेले असते. ते मिलिमीटर. ३०० मिलिमीटर म्हणजे १ फुटाला सुमारे दीड सूत कमी. म्हणून ३१ धरा. शिवाय कापण्यात आणि फुटण्यात काही जातात. त्यासाठी दहाला एक जादा धरा. म्हणजे साधारण ३४. खोक्यात १० फरश्या असतील, तर ४ खोकी घ्यावी लागतात. उरलेल्या वाया जात नाहीत. त्या कशा उपयोगी पडतात, ते पुढे येईल.

खोकी घरी आली. सून नुकतीच रात्रीच्या वर्गात लिहा-वाचायला शिकलेली. आकडे तिला पक्के येत. ती चारही खोक्यांवरचे आकडे वाचत बसली. म्हणाली, "मिस्त्रीदादा, तीन खोक्यांवर एक आकडा आहे आणि चौथ्यावर दुसराच."

मिस्त्री चटकन उठला. "शाबास वहिनी! हा घाणीचा आकडा."

कारखान्यात एका वेळी जेवढा माल निघतो, त्याची एक घाणी. प्रत्येक घाणीला आकडा असतो. नाव तेच, चित्र तेच, पण घाणी बदलली की रंगात फरक पडतो, मापातही थोडा फरक पडतो. खोक्यात कळत नाही. बसवल्यावर जन्मभर दिसते. चौथे खोके परत गेले आणि बदलून आले. एकदा फरशी बसली, की दुकानदार परत घेत नाही, हे लक्षात ठेवा.

मग काम सुरू झाले. हा भाग मी तीन दिवस बसून पाहिला.

पहिल्या दिवशी फरशीला हातच लावला नाही. जुनी फरशी काढून खालचा कोबा नवीन केला. कोपऱ्यांत पाणी मुरू नये, म्हणून तिथे पाणीबंद लेप दिला. ढाळ जाळीच्या दिशेने ठेवला, दर ४ फुटांना पाऊण इंच. न्हाणी बाहेरच्या खोलीपेक्षा इंचभर खाली घेतली. कोबा सुकल्यावर मिस्त्रीने त्यावर बादलीभर पाणी ओतले. सगळे पाणी जाळीकडे गेले. एका कोपऱ्यात मात्र तळहाताएवढे थारोळे राहिले. ते त्याने पुन्हा भरून काढले. फरशी ढाळ देत नाही. ढाळ खालच्या कोब्याचा असतो. कोबा चुकला, तर वर सोन्याची फरशी घाला, पाणी तुंबणारच.

दुसऱ्या दिवशी एक ओळ नुसतीच मांडून पाहिली, माल न लावता. शेवटी भिंतीजवळ बोटभर पट्टी उरत होती. एवढी बारीक पट्टी कापली तर तुटते. त्याने ओळ सरकवली. मग दोन्ही कडांना सारखे, रुंद तुकडे आले. एवढ्यासाठी अर्धा तास गेला. मुलगा कुरकुरला. मिस्त्री काही बोलला नाही.

फरशीच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी असते. ती ओल्या फडक्याने पुसली. केमिकल थोडे थोडेच कालवले. जास्त कालवले, तर ते घमेल्यात आवळते. मग त्यात पुन्हा पाणी घालून चालत नाही. दातेरी थापीने ते जमिनीवर सगळीकडे पसरले. पातळ हात फरशीच्या पाठीलाही दिला. पुष्कळ मिस्त्री चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक अशा मालाच्या टिक्क्या ठेवून फरशी दाबतात. काम झटपट होते. पण टिक्क्यांच्या मध्ये पोकळी राहते. वर जड हंडा आपटला, की तिथेच तडा जातो.

दोन फरश्यांत प्लॅस्टिकचे बारीक तुकडे ठेवून ३ मिलिमीटर सांधा सोडला. भिंतीच्या कडेलाही थोडी जागा सोडली. ती भिंतीच्या फरशीखाली झाकली गेली. सांधा न सोडता फरशीला फरशी भिडवली, तर चैत्र-वैशाखात तापून ती फुगते. जायला जागा नसते. मग एखाद्या दुपारी मोठा आवाज होऊन दोन फरश्या तंबूसारख्या उभ्या राहतात. असे झालेले घर आमच्याच गावात आहे.

फरशी कापताना मिस्त्री मशीनच्या पात्यावर पाण्याची धार धरायला लावी. तोंडाला फडके बांधी. कोरडी कापली, की पांढरा धुरळा उडतो. त्यात गारगोटीची भुकटी असते. ती फुप्फुसात बसते, आणि बसली की निघत नाही. तुमच्या घरी काम करणारा मिस्त्री कोरडी कापत असेल, तर पाण्याचा तांब्या तुम्ही स्वतः घेऊन जा. मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी सांधे भरले. त्याआधी मिस्त्रीने एक लाकडी काठी सुनेच्या हातात दिली. म्हणाला, "प्रत्येक फरशी वाजवा. भरीव वाजते का पोकळ, ते सांगा." एक पोकळ निघाली. त्याने ती काढली आणि पुन्हा बसवली. ही काठी शेवटचे पैसे देण्याआधी फिरवायची असते. नंतर फिरवून काय उपयोग?

न्हाणीत धरायला एक स्टीलची दांडीही बसवली. ती नुसत्या फरशीत नाही, आतल्या विटांच्या भिंतीत बोल्ट ठोकून घट्ट केली.

साफसफाईचे एकच सांगतो. फरशी पांढरी व्हावी म्हणून ॲसिड ओतू नका. ते सांधे खाते. सांधे गेले, की पाणी खाली मुरते. साबणाचा थर बसला, की खरखरीत फरशीही निसरडी होते. म्हणून रोज ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावी.

पाच फरश्या उरल्या. सुनेने त्या खाटेखाली ठेवल्या. वरच्या फरशीच्या पाठीवर पेन्सिलीने घाणीचा आकडा आणि महिना लिहून ठेवला. पुढे एखादी फुटली, तर तशीच दुसरी बाजारात मिळत नाही.

चार दिवसांनी मावशी न्हाणीत गेल्या. सून नेहमीप्रमाणे बाहेर उभी राहिली. मावशींनी अनवाणी पाय फरशीवर दोनदा घासून पाहिला. दांडी ओढून पाहिली. मग सुनेला म्हणाल्या, "जा तू. भाकरी करपेल." आणि दाराला आतून कडी लावली.