अरुंद बोळांतील भारवाहक यंत्रें

ठाण्याहून नाशिककडे जातांना भिवंडीच्या आसपास लांबच लांब वखारी दिसतात. अशा वखारींत माल रचणारें फोर्कलिफ्ट नांवाचें यंत्र आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. पुढें लोखंडाचे दोन कांटे, त्यांवर पॅलेट म्हणजे लांकडी फळ्यांची बैठक, आणि तीवर माल. एवढा भार पुढें घेऊनहि हें यंत्र तोंडघशीं कां पडत नाहीं?

याचें उत्तर तरफेच्या पाठांत आहे. पुढील चाकांचा आंस हा टेकू होय. समजा, १००० किलोग्रॅम मालाचा गुरुत्वमध्य आंसाच्या पुढें १ मीटर आहे, आणि २५०० किलोग्रॅम वजनाच्या यंत्राचा आंसाच्या मागें ८० सेंटिमीटर आहे. गुणाकार केल्यास पुढें १००० व मागें २००० येतात. म्हणून यंत्र स्थिर राहतें. मागें लोखंडाचा जड ठोकळा बसवितात तो याचसाठीं. परंतु त्यामुळें यंत्र लांब होतें, व त्यास वळावयास सुमारें साडेतीन ते चार मीटर रुंद बोळ लागतो. शिवाय तें मागच्या चाकांनीं वळतें; वळतांना त्याची पाठ एकदम बाहेर येते, हें जवळ उभे राहणारांनीं विसरूं नये.

आतां बोळ म्हणजे मालाविना पडलेली जागा. वखारीची रुंदी ३० मीटर, आणि दोन बोळांमधील पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगांस मिळून अडीच मीटर धरूं. साडेतीन मीटरचे बोळ ठेवले तर ५ बोळ व १० रांगा बसतात. बोळ पावणेदोन मीटरचे केले तर ७ बोळ आणि १४ रांगा! हा हिशेब प्रथम मांडला तेव्हां आम्हांसहि नवल वाटलें.

रीच ट्रक नांवाच्या यंत्रास पुढें दोन पाय असतात. कांटे पुढें सरून माल उचलतात व तो मागें ओढून घेतात. मग टेकूच मालाच्या पुढें येतो! ठोकळ्याचें काम बव्हंशीं बॅटरीच्या वजनानें भागतें, आणि पावणेतीन ते तीन मीटरचा बोळ पुरतो. दुसऱ्या प्रकारचें यंत्र तर बोळांत वळतच नाहीं. तें सरळ जातें. कांटे तेवढे डावीउजवीकडे वळतात. पावणेदोन मीटरचा बोळ साधतो तो या यंत्रानें.

मात्र येथें जमीन अगदीं सपाट लागते. १ मीटर अंतरावरील दोन चाकांखालीं ३ मिलिमीटरचा उंचसखलपणा असला, तर ९ मीटर उंचीवर यंत्राचा खांब २७ मिलिमीटर कलतो. कांहीं यंत्रांत चालकहि मालाबरोबर वर जातो. त्यास हा कल किती जाणवत असेल! दोन्ही बाजूंस वीतभरहि जागा मोकळी नसते, म्हणून यंत्र रुळांत धरून किंवा जमिनींत पुरलेल्या तारेच्या अनुरोधानें चालवितात. यंत्र आंत असतांना कोणीहि पायीं बोळांत शिरावयाचें नसतें; समोरून तें आलें तर बाजूस होण्यास तेथें जागाच नाहीं.