अतिदग्ध रुग्ण : लेपापूर्वीची चिकित्सा

दग्धव्रण म्हटला की आपले चित्त प्रथम शतधौत घृताकडे व मधाकडे वळते. वरवरच्या दग्धात ते युक्तच आहे. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 साली 104 रुग्णांमध्ये मध व सिल्व्हर सल्फाडायझीन यांची तुलना प्रसिद्ध केली. मधाने जंतुसंसर्ग लवकर आटोक्यात आला. हा दाखला आपण अभिमानाने देतो. मात्र 1999 मध्ये त्यांनीच मध्यम दग्धाचा अभ्यास मांडला. त्यात मृत त्वचेचे शीघ्र छेदन व त्वचारोपण मधाच्या पट्टीहून सरस ठरले. हा दाखला आपल्या व्याख्यानांत क्वचितच येतो.

वस्तुतः यात शास्त्रविरोध नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे भेद सांगून अतिदग्धात विशीर्ण मांस आधी काढण्याचा आदेश दिला आहे. स्नेहदग्धात तर विशेषेकरून रूक्ष क्रिया सांगितली आहे.

काही वर्षांपूर्वी जऊळक्यास आमच्याकडे उकळत्या तेलाने भाजलेली एक गृहिणी आणली गेली. पोट व दोन्ही पायांची दर्शनी बाजू, म्हणजे नवाच्या नियमाने सुमारे 27 टक्के. अंगावर तूप, हळद व टूथपेस्ट यांचा थर! वजन 50 किलो. 4 × 50 × 27 या हिशेबाने 24 तासांत 5400 मि.लि. रिंगर लॅक्टेट, पैकी निम्मे पहिल्या 8 तासांत. हे 8 तास भाजल्यापासून मोजावयाचे असतात. ती चौथ्या तासाला पोहोचली होती, आणि आम्ही घड्याळ आमच्या दारापासून लावले. रुग्णालयात पोहोचली तेव्हा मूत्र अत्यल्प होते. ती वाचली, पण ही चूक आमचीच.

म्हणून प्रथम 20 मिनिटे साधे वाहते पाणी (बर्फ नव्हे), मग स्वच्छ कोरडे आच्छादन. प्रौढात 15 व बालकात 10 टक्क्यांहून अधिक दग्ध असल्यास शिरेतून द्रव सुरू करून तत्काळ रवानगी करावी. चिठ्ठीवर भाजल्याची वेळ लिहावी. मोठ्या दग्धात, विशेषतः बालकात, शरीर थंड पडू देऊ नये. सुश्रुतोक्त धूमोपहताची लक्षणे, बसलेला आवाज वा जळलेले नाकातील केस दिसल्यास टक्केवारी मोजीत बसू नये. श्वासमार्ग काही तासांतच सुजून बंद होऊ शकतो.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंनी मलमाची डबी देण्यापूर्वी किती भाजले, हे तळहाताच्या मापाने विचारावे. रुग्णाचा बोटांसह तळहात म्हणजे 1 टक्का.